कारुइझावाचा वारस कोण?

एखादी संस्था संपल्यावर तिच्यामागे जे उरते त्याला वारसा म्हणण्याची सर्वत्र रीत आहे. परंतु वारसा म्हटला की देणारा, घेणारा आणि त्या दोघांमधून जाणारी एखादी टिकाऊ वस्तू अशा तीन गोष्टी गृहीत धरल्या जातात, आणि बौद्ध विचाराने आव्हान दिले ते यांपैकी तिसऱ्या गोष्टीला. कोणत्याही पदार्थात किंवा व्यक्तीत नित्य, स्वतंत्र आणि अविकारी असा गाभा नसतो, या सिद्धान्ताला अनात्मवाद म्हणतात. तो मान्य केला, तर एका जन्मातून दुसऱ्या जन्मात, गुरूकडून शिष्याकडे किंवा एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे जाते तरी काय, हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर शोधण्यात बौद्ध आचार्यांच्या कित्येक पिढ्या खर्ची पडल्या. जपानमधील कारुइझावा ही व्हिस्कीची डिस्टिलरी बंद पडल्यावर तिचे मद्य, तिची यंत्रे, तिची जागा, तिचे नाव आणि तिथल्या माणसांचे कसब ही अंगे निरनिराळ्या वाटांनी गेली. एरवी एकत्र गुंतलेली असल्यामुळे वेगळी दिसत नाहीत अशी ही अंगे येथे सुटी झालेली असल्याने, तो जुना प्रश्न या एका उदाहरणावर विशेष स्पष्टपणे तपासता येतो.

ही डिस्टिलरी १९५५ साली दाइकोकु बुदोशु या मद्यकंपनीने नागानो प्रांतातील मियोता येथे, आसामा या जागृत ज्वालामुखीच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे ८५० मीटर उंचीवर उभारली आणि पुढच्याच वर्षी तिथे उत्पादन सुरू झाले. ही कंपनी विलीनीकरणानंतर सानराकु ओशन आणि कालांतराने मर्शियन या नावाने ओळखली जाऊ लागली. डिस्टिलरी लहान होती. तिच्यात तांब्याची चार छोटी पातनपात्रे होती, म्हणजे आंबवलेला द्रव तापवून त्याची वाफ वेगळी करण्याची आणि ती पुन्हा थंड करून मद्यार्क मिळवण्याची भांडी, ज्यांना व्यवसायात पॉट स्टिल म्हणतात. येथे बनणाऱ्या व्हिस्कीचा बहुतेक भाग ‘ओशन’ या नावाने विकल्या जाणाऱ्या मिश्र व्हिस्कीत, म्हणजे अनेक प्रकारची मद्ये एकत्र करून बनवलेल्या स्वस्त पेयात, मिसळला जात असे. १९७६ साली कंपनीने येथील व्हिस्की सिंगल माल्ट म्हणून, म्हणजे केवळ मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून एकाच डिस्टिलरीत बनलेली व्हिस्की म्हणून, स्वतंत्रपणे बाजारात आणली आणि जपानमधील अशा पहिल्या काही व्हिस्क्यांत तिची गणना होते; तरीही ती चालू असेपर्यंत तिला फारशी कीर्ती लाभली नाही. जपानमधील व्हिस्कीचा खप १९८३च्या सुमारास शिखरावर पोहोचून नंतर दोन दशकांहून अधिक काळ घसरत राहिला, १९८९च्या करसुधारणेने आयात व्हिस्की तुलनेने स्वस्त झाली आणि ३१ डिसेंबर २००० रोजी कारुइझावाचे उत्पादन थांबले. पुढे किरिन या बलाढ्य कंपनीने मर्शियन ताब्यात घेतली. २०११मध्ये मद्यनिर्मितीचा परवाना सोडून देण्यात आला. गोदामात उरलेली ३६४ पिंपे नंबर वन ड्रिंक्स या छोट्या व्यापारी कंपनीने विकत घेतली. २०१५मध्ये यंत्रसामग्रीचा लिलाव झाला. आणि २०१६मध्ये इमारती पाडण्यात आल्या.

या घटनाक्रमात जे संपले ते नेमके काय होते, हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिनांडर, म्हणजे मिलिंद, आणि भिक्खू नागसेन यांचा जो प्रसिद्ध संवाद आहे, त्यात नागसेन राजाला विचारतो की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे त्याचे चाक, आस, जू किंवा सांगाडा यांपैकी कोणता भाग आहे. आणि राजाला मान्य करावे लागते की रथ यांपैकी एकाही भागात नाही, त्यांच्या बाहेरही कोठे नाही, आणि ‘रथ’ हा शब्द त्या भागांच्या मांडणीला व्यवहारासाठी दिलेली संज्ञा आहे. कारुइझावाला हीच कसोटी लावली तर निष्कर्ष अधिकच ठळक होतो. तिची बार्ली, विशेषतः गोल्डन प्रॉमिस नावाचे वाण, स्कॉटलंडहून येत असे. ज्या पिंपांमुळे तिला तो गडद, सुक्या मेव्यासारखा स्वाद लाभला, ती शेरी या स्पॅनिश द्राक्षमद्यासाठी वापरलेली होती. मद्यनिर्मितीची पद्धत स्कॉटलंडची होती. आणि ‘कारुइझावा’ हे नावदेखील शेजारच्या, उन्हाळी वास्तव्यासाठी नावाजलेल्या गावाचे होते, कारण डिस्टिलरी प्रत्यक्षात मियोतात होती. उरले ते आसामाच्या खडकांतून झिरपलेले पाणी, तिथली थंड व दमट हवा आणि काम करणाऱ्यांचे हात. ज्याला ‘अस्सल कारुइझावा’ म्हणून आज जग शोधते, त्याचा एकही घटक केवळ तिच्यापुरता नव्हता. पण याचा अर्थ कारुइझावा नावाचे काही नव्हतेच असा होत नाही. नागसेनाचे म्हणणे रथ मिथ्या आहे असे नव्हते, तर रथाचे अस्तित्व घटकांच्या परस्परसंबंधांत असते असे होते, आणि हे संबंध जोवर चालू असतात तोवरच ती वस्तू असते.

मद्यासारख्या विषयाला बौद्ध तत्त्वांची कसोटी लावणे काही वाचकांना अनुचित वाटेल, आणि ही शंका गांभीर्याने घेतली पाहिजे. पंचशीलातील पाचवे शील मादक पेयांपासून दूर राहण्याचे आहे, आणि जपानमधील अनेक झेन मठांच्या दारांशी लसूणवर्गीय उग्र पदार्थ आणि मद्य यांना आत प्रवेश नाही असे कोरलेले दगडी स्तंभ आजही उभे आहेत. महायान परंपरेतील ब्रह्मजालसूत्र, ज्यातील बोधिसत्त्वशीले तेंदाइ पंथाचा संस्थापक साइचो याने नवव्या शतकाच्या आरंभी भिक्षुदीक्षेचा आधार म्हणून पुढे आणली, ते याबाबत एक सूक्ष्म भेद करते: मद्य विकणे हे त्यात दहा महाशीलांच्या भंगांपैकी एक मानले आहे, तर मद्य पिणे हा अठ्ठेचाळीस लघुशीलांच्या भंगांपैकी एक दोष मानला आहे. या क्रमामागील विचार असा की पिणारा स्वतःचीच बुद्धी झाकोळतो, विकणारा मात्र इतरांच्या बुद्धीवर झाकोळ आणतो, आणि बोधिसत्त्वाचे व्रत दुसऱ्यांना जागे करण्याचे असल्यामुळे दुसऱ्याला भ्रमात ढकलणे हा त्याच्या दृष्टीने अधिक गंभीर अपराध ठरतो. प्रत्यक्ष इतिहास अर्थातच इतका स्वच्छ नाही. मध्ययुगीन जपानमध्ये मोठमोठ्या बौद्ध विहारांत साके बनत असे आणि विकलीही जात असे, नारा येथील शोर्याकुजी हा विहार तर शुद्ध साकेच्या उगमस्थानांपैकी एक म्हणून ओळखला जातो. आणि शिंतो या तिथल्या देवधर्मात देवाला अर्पण केलेले मद्य प्रसाद म्हणून घेणे हा पूजेचा अविभाज्य भाग आहे. प्रस्तुत निबंधाचा हेतू मद्यपानाचे समर्थन करण्याचा नाही. ब्रह्मजालसूत्रातला विकणे आणि पिणे यांतला हा भेद कारुइझावाच्या बाटल्यांबाबत मात्र अनपेक्षितपणे उपयोगी पडतो.

या बाटल्यांचे पुढे जे झाले ते मद्याच्या इतिहासात क्वचितच घडले असेल. १९६० साली भरलेल्या ५६२७ क्रमांकाच्या पिंपातील व्हिस्की बावन्न वर्षांनी बाटल्यांत भरली, तेव्हा केवळ ४१ बाटल्या निघाल्या. लाकडातून दरवर्षी थोडे मद्य हवेत उडून जाते आणि व्यवसायात या घटीला ‘देवदूतांचा वाटा’ असे म्हणतात; पाच दशकांत देवदूतांचा वाटा किती मोठा झाला असेल, हे त्या ४१ बाटल्यांवरून दिसते. प्रत्येक बाटलीला नेत्सुके, म्हणजे एदो काळात किमोनोच्या कमरपट्ट्याला वस्तू अडकवण्यासाठी वापरत तशी कोरीव गुंडी, जोडलेली होती. यांपैकी एक बाटली २०१५ साली हाँगकाँगमध्ये ९,१८,७५० हाँगकाँग डॉलरना, आणि दुसरी २०२० साली लंडनमध्ये ३,६३,००० पौंडांना विकली गेली. इतक्या किमतीला घेतलेली बाटली उघडली जाण्याची शक्यता नगण्य असते; ती पुढच्या लिलावाची वाट पाहत राहते. म्हणजे ब्रह्मजालसूत्राने जे कर्म अधिक गंभीर मानले ते, विक्री, येथे पुनःपुन्हा घडते, आणि जे तुलनेने हलके मानले ते, पिणे, कधी घडतच नाही. मद्यार्काने कोणाचीही बुद्धी येथे झाकोळत नाही हे खरे. परंतु सूत्राला ज्या झाकोळाची चिंता होती तो येथे अनुपस्थित नाही, तो केवळ दुसऱ्या कारणाने येतो. बौद्ध परिभाषेत तहानेसारख्या ओढीला तृष्णा आणि त्या ओढीतून वस्तू घट्ट धरून ठेवण्याला उपादान म्हणतात. तहान शमवण्यासाठी बनलेले पेय कोणाचीही तहान न शमवता केवळ तृष्णेचे आलंबन होऊन राहावे, ही स्थिती अस्वस्थ करणारी आहे, आणि तिचा दोष एखाद्या संग्राहकाच्या माथी मारून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल, कारण ज्या गोष्टीचे पुन्हा उत्पादन होणे अशक्य आहे तिला असेच मूल्य देणारी व्यवस्था त्याच्याही आधीपासून तयार होती.

तरीही बाटली जपणे म्हणजे वारसा जपणे नव्हे काय, असा प्रश्न कोणी विचारील, आणि त्याचे उत्तर बौद्ध विचाराच्या योगाचार शाखेत शोधावे लागते. चौथ्या-पाचव्या शतकांत असंग आणि वसुबंधू या आचार्यांनी विकसित केलेली ही शाखा चीनमधून जपानला पोहोचली, तिथे होस्सो या नावाने रूढ झाली, आणि नारामधील कोफुकुजी व याकुशिजी हे विहार तिची केंद्रे आहेत. चित्त क्षणोक्षणी उत्पन्न होऊन नष्ट होत असेल, तर आज केलेल्या कर्माचा परिणाम उद्याच्या वेगळ्याच चित्तात कसा उतरतो, हा या शाखेपुढील मुख्य पेच होता. आणि तिचे उत्तर असे की प्रत्येक कृती चित्ताच्या खोल प्रवाहात, ज्याला आलयविज्ञान म्हणतात, एक ठसा सोडून जाते. या ठशाला वासना म्हणतात, आणि या पारिभाषिक अर्थाने वासना म्हणजे गंधाचा वास लागणे. नेहमीचे उदाहरण तिळाचे आहे: फुलांच्या सहवासात ठेवलेल्या तिळाला फुलांचा वास लागतो, फुले कोमेजून नष्ट होतात, आणि पुढे त्या तिळातून निघालेल्या तेलात तो वास आढळतो. फुलातला कोणताही नित्य पदार्थ तिळात गेलेला नसतो, तरीही जे घडले ते निष्फळ झालेले नसते. असा एकापाठोपाठ एक क्षण जोडत जाणारा, मागच्याचा परिणाम पुढे नेणारा परंतु स्थिर गाभा नसलेला प्रवाह म्हणजेच बौद्धांचे संतान होय.

वासना लागण्यासाठी या परंपरेने ज्या अटी घातल्या, त्या येथे फार महत्त्वाच्या आहेत. जे वासित होते ते काही काळ टिकून राहणारे हवे, क्षणात विरून जाणाऱ्या ध्वनीसारखे नको. त्याला स्वतःचा उग्र गंध नको, कारण लसणासारख्या पदार्थाला दुसऱ्याचा वास लागत नाही. ते ग्रहणशील हवे, दगडासारखे किंवा सोन्यासारखे घट्ट आणि बंद नको. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वास देणारा आणि घेणारा हे दोघे एकाच काळी, एकाच ठिकाणी, एकमेकांच्या सान्निध्यात हवेत. चित्ताविषयीच्या या अटी व्हिस्कीला लावणे हे अर्थातच रूपकाच्या पातळीवरचे आहे, आणि योगाचाराच्या आचार्यांनी असा उपयोग कधी कल्पिला नसेल. परंतु ज्या दृष्टान्तावर हा सिद्धान्त उभा आहे तो मुळात लाकूड, तेल आणि गंध यांच्याच जगातला असल्याने हे रूपक ओढूनताणून आणलेले नाही. ओकच्या लाकडात प्रथम शेरी मुरते, शेरी काढून घेतल्यावर तिथे रंगहीन, तिखट मद्यार्क भरला जातो, आणि वर्षानुवर्षे, आसामाच्या पायथ्याच्या थंडीत आकसत आणि उन्हाळ्यात प्रसरण पावत, तो त्या लाकडात शिरतो व बाहेर येतो. पिंप ग्रहणशील असते, ते हवेलाही आत येऊ देते आणि म्हणूनच देवदूतांचा वाटाही जातो. येथे मिळवणे आणि गमावणे ही एकाच प्रक्रियेची दोन अंगे आहेत. व्हिस्की काचेच्या बाटलीत शिरली की ही प्रक्रिया थांबते, कारण काच काही घेत नाही आणि काही देत नाही. बाटलीतली व्हिस्की वीस वर्षे ठेवली तरी ती वीस वर्षांनी अधिक पक्व झाली असे व्यवसायात कोणी मानत नाही. योगाचाराच्या शब्दांत सांगायचे तर काचेतली कारुइझावा ही वासना लागण्याच्या आणि लावण्याच्या अटींबाहेर गेलेली वस्तू आहे. ती अवशेष म्हणून आदरणीय आहे, पण तिला वारसा म्हणणे कठीण आहे.

मग कारुइझावाची वासना कोणाला लागली, याचे उत्तर देताना हान्यू या दुसऱ्या बंद डिस्टिलरीकडे वळावे लागते. सैतामा प्रांतातील हान्यू येथे आकुतो घराण्याचा व्यवसाय होता, आणि हे घराणे १६२५पासून चिचिबु येथे साके बनवत आलेले होते. तिथले माल्ट व्हिस्कीचे उत्पादनही २००० साली थांबले. २००४मध्ये व्यवसाय विकला गेला आणि नव्या मालकांना व्हिस्कीत रस नसल्याने सुमारे ४०० पिंपे ओतून टाकली जाण्याची वेळ आली. घराण्यातील इचिरो आकुतो यांनी ती पिंपे वाचवली, फुकुशिमा प्रांतातील सासानोकावा या साके बनवणाऱ्या कंपनीने ती आपल्या गोदामात ठेवून घेतली, आणि पुढे त्यांतील व्हिस्की पत्त्यांच्या एकेका पानाचे नाव असलेल्या ५४ बाटल्यांच्या मालिकेतून जगासमोर आली. २०१९ साली त्या संपूर्ण संचाला हाँगकाँगच्या लिलावात ७० लाखांहून अधिक हाँगकाँग डॉलर मिळाले. या किमतीपेक्षा दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे आकुतो यांनी स्वतःची चिचिबु डिस्टिलरी उभारण्यापूर्वी कारुइझावात जाऊन, तेथील जाणत्या कामगारांच्या हाताखाली काम शिकून घेतले, आणि दुसरी म्हणजे २००८पासून चिचिबुत नवी व्हिस्की वाहू लागली व कारुइझावाची उरलेली पिंपेही पुढे याच चिचिबुच्या गोदामात येऊन राहिली. आकुतो शिकायला गेले तेव्हा कारुइझावाचे उत्पादन थांबले होते, परंतु ज्यांच्या हातांना ते काम येत होते ती माणसे तिथे होती. वास देणारा आणि घेणारा एकाच ठिकाणी असावेत ही अट, डिस्टिलरीची दारे बंद होण्याच्या आत, जेमतेम पुरी झाली.

आकुतो यांचे उदाहरण उपादानाविषयीच्या आधीच्या विवेचनाला एक आवश्यक दुरुस्तीही सुचवते. ती ४०० पिंपे त्यांनी घट्ट धरून ठेवली नसती तर त्यांची वासना पुढे कोणालाच लागली नसती. मग संग्राहकाचे धरून ठेवणे आणि आकुतो यांचे धरून ठेवणे यांत भेद तो काय? भेद धरण्याच्या तीव्रतेत नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे, कारण उद्ध्वस्त होत चाललेल्या घराण्याची पिंपे वाचवणाऱ्या माणसाची आस्था कोणत्याही लिलावात बोली लावणाऱ्यापेक्षा कमी नसते. भेद धरण्याच्या दिशेत आहे. बौद्ध आचारधर्मात संरक्षण आणि संग्रह या वेगळ्या गोष्टी आहेत: विहाराचे धान्य सांभाळणारा भिक्षू ते संघाला देण्यासाठी सांभाळतो, आणि तेच धान्य स्वतःचे म्हणून तो कोंडून ठेवतो तेव्हा दोषास पात्र होतो. धान्य तेच, कोठार तेच, कुलूपही तेच असते, आणि तरीही कर्म वेगळे असते. आकुतो यांनी पिंपे सांभाळली ती पुढे देण्यासाठी, आणि म्हणून ती अखेर प्यायली गेली, त्यांच्यातून मिळालेल्या पैशाने आणि नावलौकिकाने नवी भट्टी पेटली. उलट पत्त्यांच्या त्याच मालिकेतील बाटल्या जेव्हा तिजोरीत बंद झाल्या तेव्हा त्याच मद्याचा प्रवाह दुसऱ्या टोकाला गोठला.

वासनेची सान्निध्याची अट अशी कडक मानली तर जपानच्याच इतिहासातील एक मोठे उदाहरण तिच्या आड येते, आणि ते टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. इसे येथील शिंतो महामंदिर सातव्या शतकाच्या अखेरीपासून, दर वीस वर्षांनी, शेजारच्या रिकाम्या जागेवर जसेच्या तसे नव्याने बांधले जाते, आणि जुने पाडले जाते. २०१३मध्ये झालेले हे पुनर्निर्माण बासष्टावे होते. वीस वर्षांच्या अंतरामुळे तरुणपणी मदतनीस म्हणून काम केलेला सुतार पुढच्या वेळी मुख्य कारागीर होऊ शकतो, आणि पाडलेल्या मंदिराचे मुख्य खांब तोरणद्वारांसाठी पुन्हा वापरले जातात, त्यामुळे येथे लाकडाचा वारसा आणि हाताचा वारसा दोन्ही अखंड चालताना दिसतात. परंतु पंधराव्या-सोळाव्या शतकांतील युद्धकाळात हे पुनर्निर्माण शंभराहून अधिक वर्षे थांबले होते. आतल्या मंदिराच्या बाबतीत १४६२नंतर ते थेट १५८५ साली झाले, म्हणजे ज्यांनी मागचे बांधकाम पाहिले असे कोणी जिवंत असण्याची शक्यता नव्हती. ते पुन्हा सुरू करण्यासाठी देशभर फिरून देणग्या गोळा केल्या त्या बौद्ध भिक्षुणींनी, हे या संदर्भात उल्लेखनीय आहे. नोंदी होत्या, आराखडे होते, श्रद्धा होती, आणि मंदिर पुन्हा उभे राहिले. पण वास्तूच्या इतिहासाचे अभ्यासक सांगतात की ते सर्व तपशिलांत पूर्वीसारखे नव्हते. यावरून असा निष्कर्ष निघतो की संतान तुटले तरी नवे संतान जुन्याच्या नावाने सुरू करता येते, आणि ते पूज्यही होऊ शकते; मात्र जे तुटले ते तुटलेच होते, हे मान्य करण्याचा प्रामाणिकपणा त्याला हवा.

हा प्रामाणिकपणा कारुइझावाच्या बाबतीत आता कसोटीला लागला आहे. २०२२-२३च्या सुमारास आसामाच्या परिसरात नव्या डिस्टिलऱ्या सुरू झाल्या आणि त्यांपैकी काहींनी कारुइझावा हे नाव कोणत्या ना कोणत्या रूपात धारण केले. ज्या डिस्टिलरीने जुन्या कारुइझावात काम केलेल्या माणसांना हाताशी घेतले, तिच्या दाव्यात तथ्य आहे, कारण तिथे हात हाताला भेटले. केवळ डोंगर आणि नाव यांच्या बळावर केलेला दावा मात्र, त्याची व्हिस्की कितीही चांगली असली तरी, वारशाचा दावा ठरत नाही. ती चांगली व्हिस्की आहे एवढे म्हणणे त्या डिस्टिलरीच्याही सन्मानाला अधिक साजेसे आहे.

यंत्रांच्या बाबतीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. २०१५च्या लिलावात कारुइझावाची यंत्रसामग्री शिझुओका येथील गाइआफ्लो या नव्या कंपनीने ५० लाख येनच्या आसपास किमतीला घेतली, म्हणजे १९६०च्या एका बाटलीच्या किमतीपुढे फारच कमी रकमेला. माल्ट दळण्याची पोर्टियस बनावटीची गिरणी उपयोगी निघाली, चार पातनपात्रांपैकी एकच पुन्हा वापरण्याजोगे निघाले, आणि शिझुओका डिस्टिलरीत त्याला ‘के’ हे नाव देण्यात आले. २०१६ साली, ज्या वर्षी मियोतातील इमारती पाडल्या गेल्या त्याच वर्षी, शिझुओकात उत्पादन सुरू झाले, आणि २०२० साली त्या डिस्टिलरीने बाजारात आणलेली पहिली सिंगल माल्ट व्हिस्की सर्वस्वी याच ‘के’ पात्रातून निघालेली होती. तेराव्या शतकातील झेन आचार्य दोगेन यांनी जळण आणि राख यांच्या उदाहरणाने असा विचार मांडला की जळणाची राख होते हे खरे असले तरी राख ही जळणाची पुढची अवस्था आणि जळण ही राखेची मागची अवस्था असे समजू नये. प्रत्येकाचे स्वतःचे असे पूर्ण स्थान असते, ज्याला ते धर्मस्थिती म्हणतात, आणि त्या स्थानात मागचे-पुढचे दोन्ही सामावलेले असते. या दृष्टीने ‘के’ पात्र हे कारुइझावाचा उरलेला तुकडा नाही, ते शिझुओकाचे पूर्ण पात्र आहे. त्यात वेगळे पाणी, वेगळी बार्ली आणि वेगळे हात येतात, त्याला उष्णता वेगळ्या पद्धतीने मिळू शकते, आणि प्रत्येक ऊर्ध्वपातनात मद्यातील गंधकाच्या संयुगांशी संयोग पावत त्याचे तांबे किंचित किंचित पातळ होत जाते, आणि एक दिवस त्याचा पत्रा बदलावा लागेल. कारुइझावाचा स्वाद त्यातून परत मिळेल अशी अपेक्षा ठेवणे हे राखेकडे जळण मागण्यासारखे आहे. पण त्या पात्राचा आकार, त्याची वाफ वळवण्याची तऱ्हा, ही आज चालू असलेल्या कामात रोज भाग घेते, आणि तिजोरीतल्या बाटलीला हे करता येत नाही.

असे असले तरी उरलेल्या बाटल्या अगदीच निरुपयोगी ठरवणे घाईचे होईल, कारण काच स्वतः वासित होत नसली तरी तिच्या आतले मद्य एका गोष्टीला वासित करू शकते, ती म्हणजे जीभ, आणि जिभेच्या मागचे चित्त. स्वाद हे कारागिराचे मोजमाप असते. पिंप केव्हा उघडावे, ऊर्ध्वपातनात वाफेचा कोणता भाग ठेवावा आणि कोणता टाकावा, हे निर्णय आकडे पाहून जेवढे होतात त्याहून अधिक आधी चाखलेल्या गोष्टींच्या स्मृतीवरून होतात, आणि ही स्मृती नेमकी योगाचाराच्या अर्थाने वासना आहे. म्हणून या बाटल्यांचा जो वापर वारशाच्या नावाला पात्र ठरतो तो एकच आहे: त्या उघडल्या जाव्यात, आणि चिचिबु, शिझुओका किंवा आसामाच्या पायथ्याशी आज मद्य बनवणाऱ्या माणसांना त्यातला घोट चाखायला मिळावा. एक बाटली उघडली की जगातील कारुइझावाचा साठा एका बाटलीने कमी होतो, हा हिशेब बरोबर आहे. पण ज्या पिंपातून ती आली त्यातही कमी होत जाणे आणि पक्व होत जाणे ही एकच क्रिया होती, आणि बाटली उघडणारा त्याच क्रियेला पुन्हा चालना देत असतो.